कोंडसरीकरांची पवित्र थुंकी

घोडपदेवच्या त्या चाळीत जिन्याच्या प्रत्येक वळणावर पाटी आहे: 'येथे थुंकू नये.' ती कुणी कधी मनावर घेतल्याची खूण जिन्याच्या कोपऱ्यांत तरी सापडत नाही. पण शिमग्याला महिना उरला असताना एका रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या पाटीखाली लोकांनी शिस्तीत रांग लावली होती. एकेक जण पुढे येऊन, चपला काढून, डोळे मिटून, भक्तिभावाने थुंकत होता.

थुंकत होता तो प्लास्टिकच्या बोटभर नळीत. नळ्या वाटायला वैभव उभा होता. गळ्यात ओळखपत्र, कानात ब्लूटूथ.

"काकी, फेस नको, फेस नको. लिक्विड पायजे. रेघेपर्यंत."

"अरे, तोंड सुकला माझा," शेवंताकाकी नळीतून तोंड वर काढत म्हणाल्या. "चायचो एक घोट तरी दी."

"चाय नाय! आधी अर्धा तास चाय नाय, पान नाय, तंबाखू नाय. सायंटिफिक आहे काकी, फुल्ल सायंटिफिक."

इतकं कडक व्रत कोंडसरीच्या पुरुषांनी ग्रामदैवत रवळनाथासाठीही कधी धरलं नव्हतं. काहीजण तर तंबाखूशिवायच्या अर्ध्या तासानेच इतके हळवे झाले होते, की त्यांना पूर्वज दिसू लागले असते तरी नवल नव्हतं.

मेघना रांगेत नव्हती. ती परळच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. गावच्या मंडळाच्या सभेला ती वडिलांबरोबर येते, कारण सभेत बाबा भांडतात आणि भांडले की त्यांचं ब्लडप्रेशर वाढतं. तिचे बाबा, रामचंद्र, रांगेत तिसरे होते आणि त्यांची नळी केव्हाच भरली होती. थुंकण्यातही आपण खालच्या वाडीची शान राखली, अशा चेहऱ्याने ते परत आले.

ही सगळी मंडळी कोंडसरी गावची. गाव कोकणात, माणसं मुंबईत. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावातले एकटे पुरुष या मजल्यावरच्या मंडळाच्या खोलीत राहायचे. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाला उठायचा, आणि चटई गार व्हायला कधी वेळ मिळायचा नाही. आता इथे कुणी झोपत नाही. भिंतीला पत्र्याच्या जुन्या पेट्या, वर रवळनाथाची तसबीर, आणि समोर कुणीतरी देणगी दिलेला भलामोठा टीव्ही. सभा इथेच होतात, भांडणंही इथेच.

भांडण एकच, पिढ्यान्‌पिढ्यांचं. शिमग्यात देवळातून पालखी निघते तेव्हा पहिला खांदा कुणाचा? वरची वाडी म्हणते आमचा, खालची म्हणते आमचा. एकदा तर दोन्ही वाड्यांनी आपापल्या बाजूने ओढल्यामुळे पालखी देवळाच्या दारात आडवी अडकली होती आणि देव तासभर ना आत ना बाहेर. त्यानंतर तोडगा निघाला: एक साल वरच्यांचं, एक खालच्यांचं. यंदाचं साल खालच्या वाडीचं होतं, आणि खालच्या वाडीतला वडील माणूस म्हणून खांदा रामचंद्रांचा.

रामचंद्रांचं वय अठ्ठ्याहत्तर. पुढची पाळी दोन वर्षांनी.

"दोन वर्सांनी गुडघे रवतत की मी रवतंय, काय सांगूक येणा नाय," ते मेघनाला म्हणाले होते. गेला महिनाभर ते रोज संध्याकाळी गुंडाळलेली गादी खांद्यावर घेऊन चाळीच्या गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. शेजाऱ्यांना वाटलं, घर बदलतायत.

आणि अशात मंडळाचे अध्यक्ष गुणाजी, वरच्या वाडीचे, यांना त्यांच्या पुतण्याने, म्हणजे वैभवने, एक अवतारी पुरुष शोधून दिला.

वंशयोगी डॉ. जयवंतजी खोलीत आले तेव्हा लोक उठून उभे राहिले. भगवा कुर्ता, त्यावर सुटाचं जाकीट, गळ्यात रुद्राक्ष, आणि रुद्राक्षाच्या खाली डीएनएच्या वळलेल्या शिडीचं चांदीचं लॉकेट. डॉक्टर कशाचे, ते कुणी विचारलं नाही. त्यांनी आधी लॅपटॉप टीव्हीला जोडला, मग पिशवीतून झेंडूची जाडजूड माळ काढली आणि टीव्हीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर लटकवली. मेघनाला वाकडं काही बघवत नाही. माळ मधोमध करावी म्हणून तिने हात पुढे केला.

"हात नको!" वंशयोगी असे किंचाळले, की शेवंताकाकींची दुसरी नळी सांडली. मग आवाज मऊ करून म्हणाले, "ताई, यंत्रपूजा आहे. ज्ञान ईशान्येला बसतं."

टीव्ही दक्षिणेच्या भिंतीवर होता. पण ज्ञानी माणसाला दिशा कोण विचारणार?

"मंडळी," वंशयोगींनी सुरुवात केली, "आपले पूर्वज गेले कुठे? कुठेच नाही. ते आपल्या पेशीपेशीत बसलेत. आम्ही फक्त दार वाजवतो. वैभवजींची थुंकी आम्ही आधीच नेली होती. बघा."

टीव्हीवर आकडे उमटले. सूर्यवंश ४७.६२ टक्के. मूळवंश ३९.०५. सागरवंश १३.३३.

खोलीतून 'आ' असा एकच आवाज निघाला. लाजेने वैभवचे कान लाल झाले. काल रात्रीपर्यंत तो नुसता वैभव होता, आज पावणेअठ्ठेचाळीस टक्के सूर्य झाला होता. खरी जादू दशांश चिन्हाची होती. 'निम्मा सूर्यवंशी' म्हटलं असतं तर लोक हसले असते. ४७.६२ म्हटल्यावर हसायची हिंमत कुणाची?

"महाराज," गुणाजी हात जोडून म्हणाले, "गावचो मूळपुरुष वरच्या वाडीचो की खालच्या, ह्या थुंकीत गावात काय?"

"गावेल, नक्की सापडेल," वंशयोगी म्हणाले. कोकणातल्या लोकांत वावरून त्यांनी एक गोष्ट बरोबर हेरली होती. त्यांनी तसबिरीकडे तोंड केलं, डोळे मिटले, आणि थेट गाऱ्हाण्याचा सूर लावला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी खोली ओरडली.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मांडलेलं मागणं. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. कोंडसरीचा माणूस पाळण्यात 'आई'नंतर हेच शिकतो. तो सूर कानावर पडला की अर्थ डोक्यात शिरायच्या आधीच तोंडातून 'व्हय' निघतं.

"आज तुझी लेकरां हंयसर जमली हत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्यातलो तंटो तू कायमचो मिटव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्याच्या थुंकीत मूळवंश जास्त, त्या वाडीचो पयलो खांदो, यंदापासून कायमचो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज रामचंद्रांचा होता. 'व्हय' बाहेर पडलं, आणि मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"थांबा, थांबा," मेघना म्हणाली. "हे असं कसं ठरवता? मतं तरी घ्या!"

"मेघना," गुणाजी गंभीरपणे म्हणाले, "देवासमोर शब्द गेलो. आता तो माझ्या बापसाकसुद्धा परत घेवक गावाचो नाय."

नळ्या बर्फाच्या डब्यात बसल्या आणि वंशयोगींबरोबर गाडीत बसून निघून गेल्या.

* * *

घरी बापलेकीची जुंपली.

"बाबा, तुम्ही व्हय का म्हणालात?"

"मी खंय म्हटलंय? तोंडान म्हटल्यान." रामचंद्र गादी गुंडाळायला लागले होते, मग ती तशीच सोडून खाली बसले. "पण शब्द दिलो तो दिलो. आणि कोण जाणे, आमचोच मूळवंश जास्त येयत."

"आणि नाही आला तर?"

रामचंद्रांनी गादी पायाने भिंतीकडे सरकवली. त्या संध्याकाळी गादी गॅलरीत फिरली नाही. मेघनाला भांडणाऱ्या बाबांपेक्षा हे गप्प बाबा जास्त जड गेले.

पंधरा दिवसांनी प्रत्येकाच्या मोबाइलवर 'वंशमंत्र' आला. मंत्र म्हणजे पंचवीस आकड्यांची ओळ, बिंदू आणि उणे चिन्हांसकट. रोज सकाळी आंघोळ करून तीनदा म्हणायचा. अंतिम दर्शन म्हणजे टक्के पुढच्या रविवारी. शेवंताकाकींनी मंत्राची फ्रेम करून देव्हाऱ्यात ठेवली आणि पहाटे त्यांच्या खोलीतून सूर येऊ लागला, "शून्य पॉइंट शून्य सात चारऽऽ, मायनस शून्य पॉइंट एक दोनऽऽ..." शेजाऱ्यांना वाटलं, काकी शेअरबाजारात उतरल्या.

मेघनाने मात्र ते आकडे पाहिले आणि ती सावरून बसली. हे सगळंच खोटं नव्हतं. थुंकीतून डीएनए खरंच काढता येतो. लाखो ठिकाणची अक्षरं वाचून त्यांचं सार अशा पंचवीस आकड्यांत आणायची रीतही खरी आहे. जणू जगातल्या माणसांचा एक नकाशा, आणि प्रत्येक माणूस त्यावर एक ठिपका. हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांतून डीएनए काढून जुन्या माणसांचेही ठिपके मांडले जातात. मग संगणकाला विचारायचं, या-या जुन्या ठिपक्यांची किती-किती मिसळ केली तर हा आजचा ठिपका तयार होईल? हे करून देणारं फुकट कॅल्क्युलेटर इंटरनेटवर मिळतं. मेघनाने बाबांचा मंत्र त्यात टाकला. गंमत म्हणून जुने ठिपके भलतेच निवडले. बटण दाबलं. आकडे आले, बेरीज बरोबर शंभर.

आणि पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, ठळक अक्षरांत, आणखी एक आकडा आला. मेघना त्याच्याकडे बघत राहिली. मग ती एकटीच मोठ्याने हसली.

"काय गो?" बाबा आतून ओरडले.

"काही नाही. ईशान्य सापडली."

शनिवारी तिने बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिरफळं घातलेलं आंबटतिखट कालवण, केलं. बाबांच्या पानात वाढलं आणि समोर तीन वाट्या ठेवल्या. चहा, तांदळाची खीर आणि सोलकढी.

"बाबा, हे तिखलं या तिघांची मिसळ आहे. चव घेऊन सांगा, कशाचे किती टक्के?"

रामचंद्रांनी एक घास खाल्ला. "खुळावलंस? ह्या बांगड्याचा तिखला आसा."

"बांगडा यादीत नाही. तीनच नावं. बेरीज शंभर झाली पाहिजे."

"पण बांगडो दिसता माका पानात! काटो आसा, बघ!"

"यादीत नाही."

"मगे तिरफळाचो वास खंयसून इलो? चायतसून?"

"शंभर टक्के करा बाबा."

रामचंद्रांनी वैतागून परत चव घेतली. "मगे काय... आंबटाक सोलकढी सत्तर. रंगाक चाय पंचवीस. खीर पाच टाक, तुझ्या आवशीच्या आठवणीक."

"सत्तर, पंचवीस, पाच. झाले शंभर. आता हे तिघं त्याच मापाने एका टोपात ओता. तिखलं होईल?"

"ओकारी होयत."

"बरोबर! टक्के आले म्हणजे उत्तर आलं असं नाही. यादी चुकीची दिली तरी टक्के येतातच. खरा प्रश्न पुढचा असतो. या मिसळीची चव खऱ्या तिखल्यापासून किती लांब राहिली? त्याला म्हणतात अंतर. ते मोठं असलं तर टक्के चुलीत घालायचे."

रामचंद्रांनी काटा बाजूला काढून ठेवला.

"म्हणजे तो माका बांगड्याचा नावच घेऊक देणा नाय!"

* * *

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वरची वाडी उजवीकडे, खालची डावीकडे, मध्ये टीव्ही, कोपऱ्यावर ताजी माळ.

"प्रथम, श्री. गुणाजी!" वंशयोगींनी घोषणा केली. माऊस वैभवच्या हातात होता. मूळवंश ६४.२९ टक्के. सूर्यवंश २१.५४. सागरवंश १४.१७. उजवी बाजू उसळली.

"द्वितीय, श्री. रामचंद्र!" मूळवंश ३८.७१. सूर्यवंश १७.०५. सागरवंश १२.९३. आणि खाली चौथी ओळ: परदेशी व्यापारी ३१.३१.

"परदेशी?" शेवंताकाकींनी डोळे मोठे केले. "रामचंद्रा, तू इंपोर्टेड?"

उजवी बाजू हसून लोळली. रामचंद्र तसबिरीकडे बघत उभे होते. त्यांचा उजवा खांदा एकदा नकळत वर झाला आणि खाली आला.

मेघना उठली. "महाराज, एक शंका. तुमचं यंत्र चुकत नाही ना?"

"त्रिकालात नाही."

"कुठलाही वंश विचारला तरी शोधून देईल?"

"थुंकी खोटं बोलत नाही, ताई."

"मग गुणाजीकाकांसाठी वेगळे वंश विचारू. ही बघा, यंत्रातच यादी आहे. वैभव, मूळवंश, सूर्यवंश, सागरवंश, तिन्ही काढ. आता घे, पेरू देशातले इंका, ग्रीनलंडचे एस्किमो, आणि फिनलंडचे कोळी."

"त्याची आवश्यकता नाही," वंशयोगी म्हणाले.

"बघूया तरी!" शेवंताकाकी. "पिक्चर अर्ध्यात बंद करू नका."

वैभवने तीन टिचक्या मारल्या. पडद्यावर उमटलं: फिनलंडचे कोळी ६८.७५. इंका २२.८०. एस्किमो ८.४५.

उजवी बाजू पडद्याकडे वाकली.

"काका," वैभव हळूच म्हणाला, "तुम्ही फिनलंडचे कोळी."

"कोण कोळी?" गुणाजी ताडकन उठले. "मी होडयेत बसलंय काय ओकतंय, गावाक ठाऊक आसा!"

"आणि साडेआठ टक्के एस्किमो," काकी म्हणाल्या. "म्हणून तुका मे महिन्यात उकाडता!"

आता दोन्ही बाजू हसत होत्या. वंशयोगींनी हात वर केले. "शांत! अशी खोटी यादी दिली तर खोटंच उत्तर येणार. यादी खरी लागते!"

"अगदी बरोबर बोललात," मेघना म्हणाली. "मग खरी यादी कुठली आणि खोटी कुठली, हे ओळखायचं कसं? तुमचा मूळवंश आला कुठून? जुना वंश म्हणजे जुनं हाड. कोकणातल्या दमट, उष्ण मातीत हाडातला डीएनए टिकणं महाकठीण. तुम्हाला ते हाड सापडलं कुठे?"

"ते आकडे..." वंशयोगींनी लॉकेट मुठीत धरलं, "आम्हाला ध्यानात प्राप्त झाले."

"पंचवीसच्या पंचवीस?"

"दीर्घ ध्यान होतं."

"दशांश चिन्हासकट?"

डाव्या बाजूला कुणीतरी खोकून हसू लपवलं.

"असू दे," मेघना म्हणाली. "यादी खरी की खोटी, ते यंत्र स्वतःच सांगतं. प्रत्येक वेळी, ठळक अक्षरांत." ती टीव्हीपाशी गेली.

"हात नको! पूजेचा भंग—"

पण या वेळी हात मेघनाचा नव्हता. रामचंद्र पुढे झाले होते. त्यांनी झेंडूची माळ अलगद उचलली, रवळनाथाच्या तसबिरीला घातली, नमस्कार केला आणि बाजूला झाले. देवाला वाहिलेली माळ परत मागायची कुणाची छाती?

टीव्हीच्या कोपऱ्यात इंग्रजीत 'डिस्टन्स' आणि पुढे आकडा होता: २१.

"हे अंतर," मेघना म्हणाली. "इंका, एस्किमो, फिनलंड यांची मिसळ करून जो माणूस तयार झाला, तो खऱ्या गुणाजीकाकांपासून इतका लांब राहिला. दोनच्या आत आलं तर यादी विचारात घ्यायची. एकवीस म्हणजे नापास. आता वैभव, महाराजांची यादी परत लाव."

मूळवंश ६४.२९. तेच टक्के. कोपऱ्यात, उघड्यावर: १४.

"हेही नापास," मेघना म्हणाली. "एस्किमोपेक्षा थोडं बरं, इतकंच. म्हणून माळ होती."

खोलीत कुजबुज सुरू झाली. वैभव पडद्याकडे टक लावून बघत होता. मग त्याने मान वळवली. "महाराज, रामचंद्रकाकांच्या वेळी तुम्ही मला एक टिक जास्त मारायला सांगितली. परदेशी व्यापारी. आमच्या गुणाजीकाकांच्या वेळी ती नव्हती."

"तो तांत्रिक भाग—"

"तांत्रिक काय? एक वाटी जास्त ठेवलास तू!" रामचंद्र कडाडले. "चौथी वाटी ठेवलास काय बाकीच्यांचो वाटो कमी होतलोच! माका कळता ता. मी कालच जेवलंय!"

हे शेवटचं वाक्य मेघनाशिवाय कुणालाच कळलं नाही, पण आवाज सगळ्यांना पटला.

"आता दोघांना एकच यादी लावू," मेघना म्हणाली. "खरोखर सापडलेल्या हाडांवरून मांडलेली. इथले जुने शिकारी, इराणकडच्या जुन्या लोकांचे भाईबंद, आणि उत्तरेच्या गवताळ मुलखातले गुरं राखणारे."

वैभवने आधी गुणाजी लावले, मग रामचंद्र. अंतर दोन्हीकडे दोनच्या आत. टक्क्यांत फरक एखाद्या टक्क्याचा.

"मगे एक टक्को जास्त कोणाचो?" गुणाजींनी सवयीने विचारलं.

"काका, या मोजमापात तीन-चार टक्के इकडे-तिकडे होणारच. त्यात एक टक्का म्हणजे काहीच नाही. दोन्ही वाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या मुली केल्या. तुमची आजी खालच्या वाडीची, आमची पणजी वरच्या. थुंकीने वाडी ओळखावी तरी कशी? आणि हे टक्केसुद्धा दगडावरची रेघ नाहीत. उद्या नवं हाड सापडलं की आकडे बदलतील, आणि संशोधक ते उघड सांगतील. माळ घालणार नाहीत. तिघांची मिसळ तुम्हीही आहात, बाबाही आहेत, आणि हे महाराजही असतील. शुद्ध म्हणून कुणी सापडलेलं नाही. पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा, हे कुठल्याच थुंकीत लिहिलेलं नसतं. ते गावाने बसून ठरवायचं असतं, आणि ते तुम्ही ठरवलेलं होतं."

सगळ्यांनी वंशयोगींकडे बघितलं. वंशयोगी नव्हते. लॅपटॉपही नव्हता. टीव्ही काळा पडून 'सिग्नल नाही' म्हणत होता. जिन्यावरून चपलांचा आवाज येत होता, फार घाईचा.

"निदान तीन वळणां तरी बघून उतर रे मेल्या," काकी गॅलरीतून ओरडल्या, "पाय घसरात! लोका थुकतत थंय!"

हसणं ओसरलं तेव्हा खोलीत एक अवघड गोष्ट शिल्लक होती. वंशयोगी पळाले होते, पण शब्द नाही. देवापुढे अख्ख्या गावाने 'व्हय' म्हटलेलं होतं. गाऱ्हाणं फिरवायचं तर दुसऱ्या गाऱ्हाण्यानेच, आणि कोंडसरीचं गाऱ्हाणं घालायचा मान गुणाजींचा. ते फिरवलं की ज्यांची हार होणार होती, तेच.

गुणाजींनी टोपी काढून झटकली, परत घातली. रामचंद्रांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. मग गुणाजींनी टोपी सारखी केली आणि तसबिरीसमोर उभे राहिले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या दिवशी तुझ्यासमोर एका लबाडान गाऱ्हाणा घातल्यान, आणि आमी न आयकताच व्हय म्हटला, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा खाली आवाजात.

"ता गाऱ्हाणा आज मी उलटा फिरवतंय, म्हाराजा! यंदाचो पयलो खांदो खालच्या वाडीचो, ठरल्याप्रमाणे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" डावी बाजू तर गरजलीच, पण उजवीही.

"यापुढे कोणी टक्के घेऊन इलो, ताईत घेऊन इलो, मशीन घेऊन इलो, तर तेका पयलो 'कशावरून?' असा इचारूची बुद्धी आमका दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि रामचंद्राचे गुडघे पालखी पेलतले, म्हाराजा!"

"व्ह—"

"कशावरून?" शेवंताकाकींनी विचारलं.

गुणाजींनी एक डोळा उघडला. मेघनाने बाबांकडे बघितलं. प्रश्न रास्त होता आणि तो तिने स्वतः महिनाभर टाळला होता.

रामचंद्र हसले. भिंतीकडे गेले. तिथे गिरणीच्या काळातली एक पत्र्याची पेटी होती, मंडळाच्या समया, टाळ आणि पितळी टोपांनी भरलेली. दोघांनी उचलून त्यांच्या खांद्यावर दिली. गुडघे थरथरले. मग स्थिर झाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस पेटी घेऊन खोलीला एक फेरा मारून आला, एक पाय पुढे, एक मागे, पालखीच्या तालात. आतली भांडी वाजत होती.

पेटी खाली ठेवताना हात लावायला गुणाजीच पुढे आले.

"ह्याच्यावरून," रामचंद्र धापा टाकत म्हणाले.

"व्हय म्हाराजा!" म्हणायला मग कुणाला सांगावं लागलं नाही.

वाचणाऱ्यांनाही सांगायचं ते इतकंच. डीएनए खरा आहे, आकडेशास्त्र खरं आहे, म्हणून ते मिरवणारा प्रत्येक माणूस खरा ठरत नाही. ज्याच्याकडे पुरावा असतो तो सगळा पडदा उघडा ठेवतो, आपली चूक किती असू शकते तेही सांगतो. जो कोपऱ्यावर फुलं घालतो, त्याची फुलं आधी बाजूला करा. देव रागावत नाही.

वैभवने प्रायश्चित्त म्हणून जिन्यातल्या पाट्या नव्याने रंगवल्या. 'येथे थुंकू नये' या ओळीखाली आता प्रत्येक वळणावर दुसरी ओळ आहे: 'नळीत थुंकण्यापूर्वी चौकशी करावी.' पहिली ओळ अजूनही कुणी पाळत नाही. दुसरी पाळतात.